पाण्याखाली लाल दिसत नसतो

या सदरातले अनुभव मी दुपारच्या डब्यासोबत वाचते, आणि खरं सांगायचं तर आजवर हसायलाच वाचत आले. आमच्या घरात देव्हारा नाही. वडील रविवारी विहारात मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे. करणी, भानामती, झपाटणं असले शब्द कुणी काढले की ते चष्मा नाकावर ओढून नुसतं बघायचे, आणि बोलणारा गप्प व्हायचा. त्यामुळे हे लिहिताना मलाच चोरी केल्यासारखं वाटतंय... पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी विषय बदलला, आणि माझ्या डोक्यातून तो जात नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला छावणीत राहते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. धाकटा भाऊ विकास शेंद्र्याला कंपनीत आहे आणि त्याला पाण्याचा नाद आहे. करमाडला मामाच्या विहिरीत पोहायला शिकला, मग मालवणला जाऊन पाठीला हवेची टाकी लावून बुडी मारायला शिकला, आणि पगार साठवून पाण्याखाली चालणारा कॅमेरा घेतला. समुद्र इथून कुठल्या कुठं! मित्र चिडवायचे, "क्या विक्कीभाई, हर्सूल के तालाब में शार्क मिला क्या?"

त्यानंच मला त्या ऑनलाइन ग्रुपमध्ये ओढलं. पाण्याखालचे फोटो आणि व्हिडिओ काढणारी मंडळी — मालवण, गोवा, कुणी थेट अंदमानचे. आणि त्यांच्यात मी, जी घोट्याच्या वर पाण्यात जात नाही! पण माझं तिथं काम होतं. पाण्यात खोल गेलं की रंग मरतात, आणि सगळ्यात आधी लाल मरतो. लालभडक कापड खाली नेलं तर ते आधी तपकिरी दिसतं, मग काळं. म्हणून ग्रुपचा नियमच आहे — आधी पाटी, मग पाणी. प्रत्येकानं क्लिपच्या सुरुवातीला रंगांचे चौकोन असलेली एक पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. वर जो चौकोन लाल, तो खाली काळा दिसतो. त्यावरून मी हिशेब लावते आणि गेलेला लाल कॉम्प्युटरवर परत आणते. शालूचे रंग जमतात, तसं हेही जमलं. सगळे मला 'रंगवाली ताई' म्हणायला लागले. कॉलर ताठ व्हायची माझी.

ग्रुपचे ॲडमिन सावंतकाका, मालवणचे. आयुष्य पाण्यात गेलेला माणूस, त्यामुळे बोलणं मोजकं आणि धाक मोठा. त्यांनी एक स्पर्धा काढली : फक्त गोड्या पाण्यातले व्हिडिओ, तेही दिवा न लावता, वरून येईल तेवढ्याच उजेडात. विकास हरखला. "ताई, आता समुद्रवाले बघतील आपलं पाणी!"

सोयगावच्या पुढं गफूरचाचा म्हणून ओळखीचे शेतकरी आहेत. त्यांच्या शेतात एक जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची. पावसाळा सरला की पाणी इतकं निवळतं की वरून पायऱ्या खालपर्यंत दिसतात. विकास तिथं गेला आणि क्लिप घेऊन आला.

मी ती संध्याकाळी उघडली. आधी पाटी. लाल चौकोन काळाठिक्कर, म्हणजे ठीक. मग पाटीच्या मागं, पार दूर, भिंतीला लागून काहीतरी हललं. थांबवून मोठं करून बघितलं. कापड होतं. कडेला सोनेरी गोटा, म्हणजे जरीची पट्टी शिवलेली, आणि एक कोपरा फाटून लोंबलेला. आणि ते लाल होतं... लालभडक. मी अजून एकाही रंगाला हात लावलेला नव्हता.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. विहिरीत कापड पडलेलं असतंच. पण मी क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली. एकाच चित्रात पुढचा लाल काळा पडलाय आणि मागचा, जास्त लांबचा, तसाच जळतोय — हे होत नाही. होऊच शकत नाही.

क्लिप ग्रुपवर टाकली. सावंतकाकांचा लगेच फोन. "घाबरायचं कारण नाही. काही चमकणाऱ्या रंगाची कापडं खालीसुद्धा लाल दिसतात. आम्ही खुणेला तीच वापरतो. तसलं काहीतरी असणार." मला एवढं हायसं वाटलं की मी त्या रात्री पोटभर जेवले. कारण आहे म्हणजे झालं.

विकासला सांगितलं तर तो म्हणाला, "कापड? तिथं कायबी नव्हतं ताई. मी सगळी भिंत बघितली ना."

"अरे, क्लिपमध्ये दिसतंय."

"मग तूच टाकलं असशील एडिटमधी. लग्नाच्या व्हिडिओत नाय का फुलं पाडत असतीस!"

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा गेला. गफूरचाचांनाही विचारून आला. बारव उन्हाळ्यात उपसली होती, कापडबिपड काही नाही, म्हणाले. नवी क्लिप आली. या वेळी पाण्यातल्या पायरीवर कॅमेरा ठेवून तो स्वतःच समोर आला होता. पाटी, काळा चौकोन... आणि ते कापड आता भिंतीपाशी नव्हतं. पाटीच्या बरोबर मागं होतं. उभं, वरून कुणीतरी धरल्यासारखं. गोट्याची वीण दिसत होती, फाटलेला कोपरा विकासच्या हाताला जवळजवळ लागत होता. आणि हा पठ्ठ्या कॅमेऱ्यात बघून खुशाल पाटी हलवतोय!

क्लिप सावंतकाकांना पाठवली. उत्तर आलं ते एवढंच — "त्याला तिथं एकटं जाऊ देऊ नका."

मी विकासशी भांडले. कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप घातलं, आईला मध्ये घातलं. तो चिडला. "आप्पा असते तर काय म्हणले असते तुला? विज्ञानवाल्याची पोरगी तू!" वडिलांचं नाव काढलं आणि मी कपाटाचं कुलूप काढलं. शेवटी तडजोड झाली. तो शेवटचं एकदा जाणार, पण कमरेला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. सावंतकाकांनी फोनवर बजावलं : सोबत एक चमकदार पिवळी पट्टी ठेवा. दोर सुटलाच तर टोकाला ती आणि एक दगड बांधून परत खाली सोडा, त्याला लांबून दिसेल. ती पट्टी मी आठवणीनं काढून ठेवली आणि आठवणीनं घरीच विसरले.

बाईकवरून पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गफूरचाचांनी चहा पाजला. चाची म्हणाल्या, "इत्ती धूप में ऐसेच बैठेगी बेटी?" आणि घरातून एक ओढणी आणून माझ्या डोक्यावर टाकली. मी त्या ओढणीकडे बघितलंही नाही. माझं सगळं लक्ष पाण्यात.

विकास उतरला. बुडबुडे वर येत राहिले तोवर मी श्वास घेत होते, असंच म्हणा ना. दोर हातात हलत होता. चाचा शेजारी बसून काहीतरी सांगत होते, पाऊस, कापूस... मी हूं हूं करत होते.

मग खालून ढग आल्यासारखं पाणी गढूळ होऊ लागलं. आधी कोपऱ्यात, मग सगळीकडे. कसा कोण जाणे, तळाचा गाळ उठला होता. पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मी दोर ओढला. जड लागला, आणि मग एकदम हलका. ओढत गेले, ओढत गेले... आणि नुसतं टोक वर आलं.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. गढूळ पाण्यात माणसाला वर-खाली कळत नाही, हे ग्रुपवर शंभरदा वाचलं होतं. बारवेला आत कोनाडे होते, एका कोनाड्यात शिरला तर माणूस भिंतीलाच धडका देत राहतो. चाचा पायऱ्या उतरायला लागले, त्या वयात! मी म्हटलं, थांबा. दोराला खूण बांधून सोडायची होती. पट्टी घरी. हाताला लागलं ते डोक्यावरचं कापड. ओढणी काढली, टोकाला बांधली, एक दगड बांधला आणि सोडली खाली. ती उभी सरळ गढूळ पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली.

बुडबुडे कमी कमी होत होते. मला आप्पांची आठवण आली. मी देवाला हाक मारली नाही, एवढं सांगते. मी विकासला हाक मारत होते.

दोराला हिसका बसला. एक, मग सारखे. मी आणि चाचांनी ओढला. आधी ओढणी वर आली आणि ती दोन्ही मुठींत घट्ट धरलेला विकास.

पायरीवर पडून तो खोकत राहिला. मी त्याला दोन थपडा मारल्या आणि मग कवटाळलं. दोर दगडांत अडकला होता, सोडवायला म्हणून यानंच कमरेचा काढला, आणि तेवढ्यात गाळ उठला. बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य हे — "ताई, कायबी दिसत नव्हतं गं. सोताचा हात दिसत नव्हता. मग लांब ती लाल ओढणी दिसली. लालभडक... दिव्यावानी. तिच्याकडं गेलो."

तेव्हा मी पहिल्यांदा हातातल्या ओढणीकडे पाहिलं. लाल. कडेला सोनेरी गोटा.

रंगवाली ताईनं खुणेला लाल कापड सोडलं होतं! ग्रुपमध्ये नवख्या पोरानंसुद्धा ही चूक केली असती तर आम्ही महिनाभर हसलो असतो. त्या खोलीवर, त्या गाळात लाल दिसणं शक्यच नाही. आणि चाची शपथ घेऊन सांगतात, त्या ओढणीनं त्या दिवसापर्यंत पेटीच्या बाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. सुनेच्या बस्त्यात आलेली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "अब तूच रख ले," म्हणाल्या, आणि डोळे पुसत आत गेल्या.

विकासच्या छातीवरचा कॅमेरा सगळा वेळ चालू होता. घरी येऊन ती क्लिप बघितली. गाळ, गाळ, आणि मग वरून एक कापड खाली येतं. ते काळं आहे. कॅमेऱ्याला जसं दिसायला हवं तसं, नियमाप्रमाणे, काळंठिक्कर. विकासनं लाल पाहिलं ते कुठं, मला माहीत नाही.

मग मी आधीच्या दोन क्लिपा शेजारी लावल्या. तोच गोटा, तीच वीण. एका जागी गोट्याचा टाका सुटलेला आहे, तो इथं सुटलाय आणि तिथंही. तीच ओढणी. जी तेव्हा चाचींच्या पेटीत होती.

सावंतकाकांना तिन्ही पाठवल्या. त्यांनी एकच विचारलं, "आणि तो फाटलेला कोपरा?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी उठून ओढणी पसरली. चारही कोपरे धड. कुठं ओरखडासुद्धा नाही.

म्हणजे आधीच्या क्लिपांत जी दिसली ती ओढणी त्या दिवशीची नाही, पुढच्या कुठल्यातरी दिवसाची आहे. ती अजून फाटायची आहे. कधी, कुठल्या पाण्यात, ते मला कुणी सांगू शकत नाही. वडील असते तर त्यांनी चष्मा ओढून कारण शोधलं असतं. मी शोधलं, सापडलं नाही.

जाळून टाक, असं आई म्हणते. पण जाळली तर त्या दिवशी खाली काय सोडू? विकास काही महिने गप्प बसला आणि पुन्हा पाण्यात जायला लागला. मी अडवून थकले. आता तो निघाला की ओढणी मीच बॅगेत घालते. परत आला की आधी त्याला बघते, मग ती दिव्याखाली पसरून चारही कोपरे बोटांनी चाचपते.

कालच पैठणहून आला. कोपरे धड आहेत. पुढच्या रविवारी तो पुन्हा सोयगावला, त्याच बारवेत जायचं म्हणतोय.