फौजदाराच्या गळ्यातला पट्टा

आजवर माझ्या तोंडून काय काय निघालं नाही! पण ही एक गोष्ट यंदापर्यंत निघाली नव्हती. बायकोजवळ नाही, देवापुढं नाही, बांधावर एकटा असताना स्वतःशीसुद्धा नाही. आणि मी कोण? तर महाळुंगे पडवळात ज्यानं बोलायला तोंड उघडलं की चहाचं आधण पुन्हा चढवावं लागतं, तो माणूस. माझ्या गोष्टीतला बिबट्या दरसाल वीतभर वाढतो. यंदा तो घोड्याएवढा झालाय. हसा तुम्ही, पण जरा जवळ सरका. आज मी वाढवणार नाही. बरं, सवयीनं थोडं वाढलंच, तर ते माझ्या बाजूनं नसेल — एवढा शब्द देतो.

सुरुवात सामानापासून करतो. म्हणजे मुद्द्यापासून लांब, माझ्या सोयीनं.

मेव्हण्यानं पुण्याहून मला अल्सेशियनचं पिल्लू आणून दिलं. त्याचं नाव ठेवलं फौजदार. आता फौजदाराला साधं सामान चालतंय का? नारायणगावच्या बाजारात चंपाशेठचं दुकान आहे — मूळ राजस्थानचं जैन घराणं, पण शेठ बोलायला लागले की आमच्यापेक्षा गावरान. खतं, दोरखंड, बैलांची घुंगरं, सगळं एका छपराखाली. तिथून मी शिट्टी घेतली, शिकवायची बिस्किटं घेतली, गोचिडाची पावडर, दाताचा ब्रश, रेनकोट. कुत्र्याला रेनकोट! मी स्वतः पावसात डोक्यावर युरियाची रिकामी गोणी घेऊन रानात जायचो. जेवायला स्टीलचं भांडं असं, की आमच्या लग्नात नवरदेवाला तेवढं ताट नव्हतं.

शेवटी पट्टा. आमच्याकडं बिबट्या उसात राहतो, तुमच्या-माझ्याइतकाच इथला रहिवासी. कुत्र्याला धरतो तो गळ्याला. म्हणून इथं कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा लागतोच. शेठनं दोन पट्टे काउंटरवर ठेवले. एक चकचकीत काळा, वर पोकळ चंदेरी टिकल्या. दुसरा जाड चामड्याचा, काळपट, त्यातून बोटभर लोखंडी खिळे बाहेर आलेले.

"ह्यो मिरवायला, ह्यो जगायला," शेठ म्हणाले. "बोला राव, कंचा देऊ?"

मी दोन्ही घेतले. पण खिळ्यांचा पट्टा घातला की आमचे फौजदार खाली बसायचे आणि उठायचेच नाहीत. मान घासते, केस खराब होतात, रुबाब जातो. मग एके दिवशी मी तो पट्टा बांधापलीकडं भिरकावला — काशिनाथच्या चिंध्याला.

काशिनाथ माझा शेजारी, लंगोटीयार. आणि चिंध्या त्याचा कुत्रा. एक कान फाटलेला, रंग असा की कुठला म्हणून सांगता येत नाही. पट्टा देताना मी काय म्हणालो होतो माहीत आहे? म्हणालो, घाल त्याला, मरताना तरी श्रीमंत दिसेल. काशिनाथ हसला. मीही हसलो. चिंध्यानं मान पुढं केली आणि पट्टा घालून घेतला, जसा काही त्याच्यासाठीच बनवला होता.

आलो का मुद्द्यावर? नाही अजून. येतो.

त्या दुपारी काशिनाथ बटाटा घेऊन मंचरला गेला होता. मी माझ्या अंगणात फौजदाराला शिकवत होतो. एका हातात शिट्टी, दुसऱ्यात बिस्किटं. शिट्टीला बसायचा, शिट्टीला उठायचा, बघण्यासारखं काम. तेवढ्यात काशिनाथच्या गोठ्याकडून कालवड हंबरली. उसाच्या कडेला पिवळं काहीतरी हललं — आणि बिबट्या भरउन्हात बाहेर आला.

मी शिट्टी वाजवली. फौजदारानं माझ्याकडं पाहिलं, बिबट्याकडं पाहिलं आणि तो अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला. मी? मी ट्रॉलीवर गेलो. कसा चढलो ते मला अजून माहीत नाही. शिडी नव्हती, हे नक्की.

आणि चिंध्या गेला समोर.

काय सांगू तुम्हाला! भुंकला नाही, गुरगुरला नाही, सरळ कालवड आणि बिबट्या यांच्या मधे जाऊन उभा राहिला. बिबट्यानं झेप घेतली, त्याचा गळा धरला — आणि त्याच्या तोंडात गेला सगळा पट्टा. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. बिबट्या मागं उडाला, पंजानं तोंड पुसायला लागला. चिंध्या गव्हाणीच्या दगडावर आपटला होता, तो उठला आणि पुन्हा गेला अंगावर! पुन्हा! घोड्याएवढा नव्हता हो तो बिबट्या, आज खरं सांगतो, बेताचाच होता. पण त्याच्यापुढं चिंध्या म्हणजे मांजर. त्या मांजरानं त्याला उसात परत घातला. शेपूट खाली घालून गेला बिबट्या. मी ट्रॉलीवर उभा राहून ओरडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, रडत होतो.

इथंच थांबलो असतो तर? ही गोष्ट मी जन्मभर छाती काढून सांगितली असती. सांगण्यासारखीच होती ना?

मी खाली उतरलो. चिंध्याच्या गळ्याला लागलंय का बघावं म्हणून पट्टा सोडला. हेतू चांगला होता — तेवढ्या घटकेपुरता होता. गळ्याला ओरखडाही नव्हता. खिळे वाकलेले, रक्त बिबट्याचं, एका खिळ्याला पिवळे केस. चिंध्या लंगडत ओढ्यावर पाणी प्यायला गेला. फौजदार ट्रॉलीखालून बाहेर आला. रस्त्यावरून माणसं पळत येताना ऐकू आली. आणि पट्टा माझ्या हातात होता —

मी तो फौजदाराच्या गळ्यात घातला.

विचार केला होता का? नव्हता. पण बक्कल लावायला दोन हात लागतात, आणि दोन्ही माझेच होते.

माणसं आली. वाकलेले खिळे बघितले, केस बघितले. मी काय, सुटलोच. फौजदारानं कसा धरला, कसा फिरवला, माझ्या शिट्टीवर कसा पुन्हा पुन्हा गेला! कुणीतरी विचारलं, काशिनाथचा कुत्रा कुठाय? गप्प बसता आलं असतं. मी हसून म्हणालो, "त्यो? त्यो तर सगळ्यात आदी पळाला." तेवढ्यात चिंध्या ओढ्यावरून आला. ओला, चिखलानं भरलेला, मान खाली. पळून आलेला कुत्रा असाच तर दिसतो. काशिनाथनं संध्याकाळी पट्ट्याचं विचारलं, तर म्हणालो, सकाळीच परत घेतला होता. एका खोट्याच्या मागं दुसरं काय सुरेख उभं राहतं!

फौजदाराला मारुतीच्या देवळापुढं नारळ दिला, शाल दिली. काशिनाथनं चिंध्याला आपल्या बहिणीकडं डिंभ्याला धाडून दिलं. वासराला सोडून पळतो तो आपल्या दारात नको, म्हणाला. टेम्पोत बांधायला साखळी हवी होती. ती मी दिली. माझ्याकडची सगळ्यात चांगली, निवडून.

मग माझं राज्य सुरू झालं. पार आणे पठारावरून लोक यायचे, भाऊ, पट्टा कुठला घ्यायचा? मी सांगायचो: आतून मऊ चामडं असलेला घ्या, पट्ट्यात दोन बोटं गेली पाहिजेत, पिल्लाला आधी कापडी घालून सवय करा, गंज चढू देऊ नका, आणि दिवस मावळताना कुत्रा साखळीला ठेवू नका. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. सगळं खरं होतं. कितीतरी कुत्री जगली त्यामुळं. आणि प्रत्येकाला मी शेवटी फौजदाराची गोष्ट सांगायचो.

डिंभ्याचा निरोप आला तो यंदा, इतक्या वर्षांनी. चिंध्या थकलाय, खात नाही. काशिनाथ माझ्यासमोर बसला होता. "मरू दे पळपुटा," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

तो एक शब्द. तो मी ठेवला होता त्या कुत्र्याच्या नावापुढं. मरतानाही तो तसाच जाणार होता.

मी म्हणालो, चल डिंभ्याला. मंचरची गाडी धरली, पुढची गाडी आलीच नाही, जीपला लोंबकळत पोचलो. चिंध्या धरणाच्या पाण्याच्या कडेला, सुकत टाकलेल्या मासळीच्या जाळ्यांवर पडला होता. मी तिथंच, त्याच्यासमोर, काशिनाथला सगळं सांगितलं. ट्रॉलीसकट. बक्कलासकट. काशिनाथची बहीण सखूबाई भाकरी थापायची थांबून दारात आली, आणि सगळं ऐकून हसायला लागली.

"आमाला काय नवं सांगताय पावणं? ह्यानं दोनदा लावलाय बिबट्याला हाकलून. ह्याच्या जिवावर वाडीच्या शेळ्या मोकळ्या चरत्यात. दादाला वाटलं आमाला पळपुटा दिला, आन् आमी गप बसलो, परत मागंल म्हून."

काशिनाथ जाळ्यांवर बसला. चिंध्याचं तोंड त्यानं दोन्ही हातांत धरलं. "चुकलो रे," म्हणाला. कुत्र्यानं शेपटी जाळ्यावर आपटली. मग काशिनाथनं भाकरी कुस्करली, दुधात कालवली, आणि चिंध्या खायला लागला! खाऊन झाल्यावर बहीण-भावाचं भांडण लागलं. हा म्हणतो घरी नेणार, ती म्हणते हात लावून बघ. ज्याला टेम्पोत घालून काढून दिला, त्याच्यासाठी सख्खी भावंडं तासभर भांडली. अख्खी वाडी जमा झाली, आणि चिंध्या दोघांच्या मधे पाटलासारखा बसलेला. सखूबाई जिंकली. मी कोपऱ्यात उभा होतो आणि माझ्या छातीत ताशा वाजत होता.

परतीच्या वाटेवर काशिनाथ जीपमधे माझ्यापासून लांब, पार मागं बसला. मंचरच्या स्टँडवर चहा घेतला आणि त्यानं ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना चिंध्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आवाज असा, की गाडी लागल्याचं कुणाला ऐकू येईना. माणसं वाढत गेली. तेवढ्यात एकानं विचारलं, "पण मंग पट्टा त्या दुसऱ्याच्या गळ्यात कसा काय गेला?"

काशिनाथ थांबला. माझ्याकडं वळून पाहिलं नाही त्यानं.

"मी घातला," मी मागून म्हणालो. "मीच."