नावं संपेपर्यंत दार बंद

साल दोन हजार पंचवीस. मला बाहत्तरावं लागलं होतं. कागदावर एक वर्ष कमी आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तारीख अंदाजानं टाकली. ती शाळाही चौथीतच सुटली. पण चौतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका टॉकीजवर डोअरकीपर होतो. त्यामुळं सिनेमा आणि सिनेमाचं पब्लिक, या दोन बाबतींत मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं मत होतं. त्या वर्षीच्या एका शनिवारपर्यंत होतं.

फॅन म्हणजे काय ते मी बघितलेलं आहे. हिरो पडद्यावर आला की पिटातल्या पुढच्या रांगांतून चिल्लर उडायची, शिट्ट्यांनी कान बसायचे. एकानं तर नारळ फोडून पाणी पडद्यावर शिंपडलं होतं, त्याला मीच बखोटीला धरून बाहेर काढला. आता टॉकीज पडली, त्या जागी साड्यांचं दुकान झालं. तिथून जाताना मी अजून मान वळवतो.

माझी नात, मुलाची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात आहे. आमचं घर भवानी पेठेत. तिच्या कोपऱ्यातली भिंत चित्रांनी भरलेली: मोठ्या डोळ्यांच्या पोरी, शेपटीवाली माणसं, उडणारे मासे. ते सगळं जपानी. मी त्याला कार्टून म्हणायचो आणि ती चिडायची.

"आबा, कार्टून नाही. ॲनिमे."

"हाललं तरी चित्र ते चित्रच की गं."

त्या वर्षी असाच एक नवा सिनेमा आला. पाठीवरच्या टोपलीत ढग वाहून नेणारी एक पोरगी आणि तिच्यासंगं चालणारा निळा बोकड, अशी गोष्ट. पुण्यात तीन आठवडे चालला, सोलापूरला आलाच नाही. नात आणि तिच्यासारखी पोरंपोरी गावभर फिरली, सह्या गोळा केल्या, थिएटरच्या मॅनेजरला जाऊन भेटली. शेवटी त्यानं दोन खेळ दिले. शनिवारी सकाळी नऊ आणि रविवारी सकाळी नऊ. खुर्च्या भरल्या तर पुढं असले सिनेमे आणू, नाहीतर विसरा, असं सांगितलं.

ते तीन आठवडे आमच्या घरात सुतकासारखे गेले. ती फोन उघडायला घाबरायची. कुणी त्या सिनेमाचं बोलायला लागलं की कानांत बोटं घालायची.

"का गं? गोष्ट कळली तर काय होतंय?"

"आबा, सिनेमा संपला, सगळी नावं वर गेली, की त्यानंतर एक छोटा तुकडा आहे. एकच मिनिटाचा. बोकडाचं शेवटी काय होतं ते त्यातच कळतं. तेवढं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

मग म्हणाली, "तुम्ही पण चला. एक खुर्ची भरेल."

"मी? कार्टूनला?"

सूनबाई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "जावा की मामा. नाहीतर दिवसभर पंख्याखाली बसून पंख्यालाच नावं ठेवताय."

गेलो. मिनिटाचा तुकडा वगैरे तिनं सांगितलेलं मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं, हे इथंच कबूल करतो.

थिएटरच्या पायऱ्यांवर पोचलो आणि मला वाटलं, बहुरूप्यांचा मेळा भरलाय. कुणाच्या डोक्यावर कोल्ह्याचे कान, कुणाला कापडाची शेपटी. नातीची मैत्रीण तेलुगू घरातली, तिचा बाप टॉवेलच्या कारखान्यात आहे. तिनं पाठीला वेताची टोपली बांधलेली, आणि त्यात पांढऱ्या टॉवेलच्या चिंध्या फुगवून ढग केलेले. मिशीवाला एक माणूस, चाळिशीचा तरी असेल, निळी शिंगं लावून उभा होता.

मी त्याला विचारलं, "लगीन झालंय का तुमचं?"

"दोन मुलं आहेत, आजोबा."

"त्यास्नी माहीत हाय का हे?"

"शिंगं त्यांनीच रंगवलीत," तो म्हणाला.

मी नातीच्या मागं पायऱ्या चढलो.

आत मी हट्टानं कडेची खुर्ची घेतली, पडद्याजवळच्या बाहेर जायच्या दाराशेजारची. दारापासून लांब बसलं की मला चैन पडत नाही. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि मी शिट्ट्यांची वाट बघत बसलो. एकही आली नाही. निळा बोकड डोंगरावरून पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळ्या थिएटरनं एकदम श्वास आत घेतला. तेवढाच आवाज. शंभर-दीडशे तरणी पोरं एका जागी आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. चौतीस वर्षांत असं मी फक्त लाइट गेल्यावर पहिल्या क्षणाला अनुभवलं होतं, आणि त्यानंतर लगेच शिव्या सुरू व्हायच्या.

बोलणं सगळं जपानी. खाली इंग्रजीत अक्षरं. नात माझ्या कानाशी मराठीत सांगत होती, तर मागून कुणीतरी "श्शू" केलं.

"कुणाला श्शू करतोस रं?" मी वळून म्हणालो.

नातीनं माझ्या हाताला चिमटा काढला. "आबा, इथं बोलत नाहीत."

"ऱ्हाऊ दे मग. मला कळतंय."

आणि कळत होतं. आमचं मूळ करमाळ्याकडचं, वाडवडील शेळ्यामेंढ्यांमागं हिंडलेले. ज्यानं तो बोकड काढला त्यानं जनावर जवळून बघितलं होतं. डोळ्यातली बाहुली आडवी होती. हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. गाव कोरडं पडलेलं, ती पोरगी ढग घेऊन निघालेली, आणि वाटेत तो बोकड थकून बसतो. बसतानाही आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग. बरोबर तसंच असतं.

तो काही उठला नाही. पोरगी एकटीच पुढं गेली.

आणि नातीच्या पलीकडं बसलेला शिंगवाला रडायला लागला. डोळे पुसणं नव्हे, खांदे हलवून रडणं. मी मागं बघितलं. पडद्याच्या उजेडात सगळ्यांचे गाल ओले. आमच्या टॉकीजमध्ये बाल्कनीतल्या बायका रडायच्या, पण त्या जिवंत नटीसाठी. ही माणसं कागदावरच्या बोकडासाठी रडत होती आणि कुणालाच कुणाची लाज वाटत नव्हती. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मी हबकलो होतो.

पोरगी गावात पोचली. टोपली उघडली. पडदा काळा झाला आणि खालून नावं वर चढायला लागली.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. डोअरकीपर कधीही सिनेमा पूर्ण संपायची वाट बघत नाही. व्हिलनला पोलीस घेऊन गेले, घरातली माणसं एका ओळीत उभी राहिली, की त्यानं दारावरचा पडदा सारून कड्या काढायच्या. शेवटची पाटी येते तेव्हा दार उघडं पाहिजे, नाहीतर पब्लिक दारावर आदळतं. पुढच्या खेळाचं पब्लिक बाहेर उभं असतं ते वेगळंच. एकदा मला अर्धा मिनिट उशीर झाला तर एका बाईचा हात दारात चेंगरला होता. तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.

नावं सुरू झाली आणि मी उठलो. मी ठरवून उठलो नाही, माझे पाय उठले. बघितलं तर एकही माणूस हलत नव्हता. मला वाटलं, रडण्याच्या भरात यांना संपलेलं कळलंच नाही, आणि या नव्या थिएटरचा डोअरकीपर कुठंतरी फोन बघत बसलाय. मी दारापाशी गेलो, आडवा दांडा दोन्ही हातांनी दाबला आणि दार सताड उघडलं.

सोलापूरचं साडेअकराचं ऊन एकदम आत आलं. पडद्यावर काहीच दिसेना. वर कुठंतरी भोंगा सुरू झाला. ते दार आग लागली तरच उघडायचं असतं, हे मला नंतर कळलं. पोरं ओरडायला लागली. "दार लावा! दार लावा!" पळत कोण आलं, दिवे कुणी लावले, मला समजलं नाही. भोंग्यासरशी सिनेमाच थांबला, पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

गणवेशातली एक बाई धावत आली. "कुणी उघडलं?"

"मी," मी ताठ उभा राहून सांगितलं. "सिनेमा संपला की. पब्लिक बाहेर सोडायला नको?"

ओरडा एकदम बंद झाला. मैत्रीण टोपलीसकट खाली पायरीवर बसली. शिंगवाला माझ्याकडं बघत होता, रागानं नव्हे, एखाद्याला घरातली वाईट बातमी सांगितल्यावर बघतात तसा. मॅनेजर आला. राहिलेला तुकडा पुन्हा लावता येत नाही, पुढचा खेळ दुसऱ्या सिनेमाचा आहे, म्हणाला.

नात फक्त "आबा" म्हणाली. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

"चौतीस वरसं मी ह्येच केलंय," मी सूनबाईला सांगितलं. "कुणी बोट दाखवलं न्हाय."

"तुमी केलं ते बरोबरच असंल, मामा," ती म्हणाली. "पण पोरीनं तीन आठवडे कानांत बोटं घालून काढले की."

"उद्या हाय की दुसरा खेळ. उद्या बघू दे."

तेव्हा नात भिंतीकडूनच बोलली. "उद्या कुठल्या तोंडानं जाऊ? मीच आणलं होतं तुम्हाला."

दुपारी मैत्रीण आली. नातीला भेटायला आली होती, पण आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि फोन पुढं केला. कुणीतरी सगळा प्रकार टिपला होता. उन्हाच्या झोतात माझी पाठ, आणि मागं आरडाओरड. ते गावोगाव फिरत होतं.

"खाली काय लिवलंय?" मी विचारलं.

"राहू द्या, आजोबा."

"दे हिकडं."

मला भरभर वाचता येत नाही. एकेक अक्षर जोडत वाचलं. पहिल्या ओळीत नुसतं हसणं होतं. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, सोलापूरला असलं काही द्यायचंच नाही. तिसऱ्या ओळीत, यांना सिनेमा बघायचा कसा ते माहीत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. म्हातारा येडा आहे असं कुणी लिहिलं असतं तर मी पचवलं असतं. ज्या गावाचं दार मी चौतीस वर्षं सांभाळलं, त्या गावाला म्हणे सिनेमा बघता येत नाही. आणि हे माझ्या पाठीखाली लिहिलेलं. फोन परत दिला. संध्याकाळी शेंगाचटणी-भाकरी ताटात तशीच राहिली. सूनबाईनं झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी सहाला उठलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सूनबाईला म्हणालो, "पोरीला सांग, दार आज मी बघतो." आणि चालत निघालो.

मॅनेजरनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आजोबा, आज नको."

"तिकीट घेतोय. खुर्ची नको मला. त्या दारापाशी उभा ऱ्हातो, सगळं सरेपर्यंत."

"त्या दाराला माणूस लागत नाही हो. ते आपोआप बंद असतं."

"कालपण आपोआपच होतं की," मी म्हणालो.

तो हसला आणि त्यानं मला आत सोडलं. काल आलेली बरीचशी पोरं परत आली होती, शिंगवालाही. खेळ सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायची सवय मला नाही, जमलीही नाही. एवढंच म्हणालो, "काल दार मी उघडलं. आज कुणाला उघडू देणार न्हाय." मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी.

दिवे गेल्यावर शेवटच्या रांगेत दोघी येऊन बसल्या. एकीच्या पाठीवर टोपली होती.

अडीच तास मी दाराला पाठ लावून उभा होतो. गुडघे भरून आले, तरी बसलो नाही. त्या जागेवरून पडदा दिसत नाही, पब्लिक दिसतं. नावं सुरू झाली. माझे पाय परत वळवळले, मी हात मागं नेऊन दांडा घट्ट धरला, दाबायला नव्हे, आपल्याकडं ओढून. एक कुटुंब उठून खाली यायला लागलं, कार्टून समजून लहान मूल घेऊन आलेलं. मी हातानंच सांगितलं, बसा, अजून हाय. ते बसले.

नावं चढत राहिली, लई वेळ. मग ती संपली, आणि सगळ्या तोंडांवर निळा उजेड पडला. शिंगवाल्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन शिंगं धरली. शेवटच्या रांगेत माझी नात उभी राहिली, ओढणी तोंडाशी धरून, आणि रडता रडता हसायला लागली.

दिवे लागले. मग मी दारापासून बाजूला झालो.