मामांचा जाहीर तगादा

अख्ख्या वसई तालुक्यात चपला काढून इंटरनेटवर जाणारा माणूस एकच झाला, आणि ते माझ्या बायकोचे मामा होते, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. उमेळ्याच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं नाही की सोळाव्या दिवशी त्यांचं पोस्टकार्ड निघालंच म्हणून समजा. लग्नानंतर मलाही एक आलं. वर 'चि. जावईबापूंस', खाली 'लोभ असावा' आणि मध्ये सरळ तगादा. एका गृहस्थांना तर त्यांनी वडिलांच्या तेराव्याला गाठलं, रीतसर सांत्वन केलं आणि हळूच विचारलं, "त्यांच्या उशाशी आमचं एक पुस्तक असेल, बघता का?"

पुढे वाड्या गेल्या, इमारती आल्या, जुनी माणसं नायगाव-बोळिंजच्या फ्लॅटांत पांगली आणि मामांची पोस्टकार्डं 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत येऊ लागली. कार्यकारिणीने ठरवलं, वार्षिक सभेपर्यंत सभासद वाढले नाहीत तर खोल्या कोचिंग क्लासला द्यायच्या. मामांना अन्न गोड लागेना. शेवटी मीच त्यांना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं. वाचनालयात शिरावं तसे ते चपला दाराशी काढून आत आले. तेव्हा मित्र जोडायच्या एका वेबसाइटचं पोरांना वेड लागलं होतं. तिथल्या निरोपाला स्क्रॅप म्हणतात हे कळल्यावर मामा उठूनच उभे राहिले. "जन्मभर पुस्तकं रद्दीवाल्यापासून वाचवली, आता मीच रद्दीत लिहू?"

कसेबसे बसले, आणि एकदा बसल्यावर ऐकतात कुठले! एका बोटाने टाइप करत त्यांनी पांगलेली नावं हुडकली आणि प्रत्येकाला 'स. न. वि. वि.' पासून सुरुवात करून कळवलं, की आपणाकडील अमुक पुस्तक मुदतबाह्य झाले आहे. हे निरोप सगळ्यांना दिसतात, हे सांगायला मी विसरलो. बँकेतल्या एका साहेबाकडे पाककृतींचं पुस्तक नऊ वर्षं अडकलंय, हे त्याच्या हाताखालच्या लोकांनी वाचलं. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. मामा शांत. "पोस्टकार्ड पोस्टमन वाचायचाच की."

पण झालं भलतंच. लोक आधी एकमेकांना चिडवू लागले, मग विचारू लागले, आपलं वाचनालय अजून आहे? सभेच्या दिवशी दारात ही रांग! कुणी पुस्तक परत करायला आलेलं, कुणी बायकापोरांसह नाव घालायला. अध्यक्ष शेजारून खुर्च्या मागत फिरत होते. कोचिंग क्लासचा विषय कुणी काढलाच नाही.

रांगेत शेवटी एक म्हातारी होती. तिचा मुलगा मस्कतला. "पोरगा म्हनला, मामांच्याच हातात दे," म्हणत तिने रुमालात बांधलेलं पुस्तक पुढे केलं. "माझं पन नाव लिवा. मला वाचता येत नाय."

मामांनी नाव लिहिलं. "शनिवारी या. मी वाचतो."

पुढची आठ वर्षं ते दर शनिवारी तिला वाचून दाखवत होते. आता मामा नाहीत. वाचनालय आहे, आणि शनिवारी मी वाचतो. त्यांच्यासारखं जमत नाही. परवा एका पानावर अडखळलो, तर म्हातारी म्हणाली, "मामा असे मधेच थांबून पानी प्यायचे. तू पन पी."

मला तहान नव्हती. तरी प्यायलो.