सासऱ्यांची हनुवटी

माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो मी ओल्या फडक्याने पुसला आणि त्यांची हनुवटी फडक्यावर आली. फोटोवर बुरशीचे ठिपके होते, ते जावेत एवढाच माझा उदात्त हेतू. ठिपके जागच्या जागी राहिले. जासईला सासूबाईंचं नवं घर उभं राहिलं होतं, वास्तुशांतीला हा फोटो समोरच्या भिंतीवर लागायचा होता, आणि "पनवेलला चांगली फ्रेम करून आना" म्हणून त्यांनी तो मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिला होता. बायकोने फडकं पाहिलं, फोटो पाहिला, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दादाकडे जा."

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ, माझे मेहुणे. जगातला कचरा वेचण्यासाठीच हा माणूस जन्माला आला, असं माझं ठाम मत आहे. समोरच्याच्या खांद्यावरचा केस, कॉलरवरचा दोरा, मिशीतली शेव, काहीही दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जाई; ओळख असायची गरज नसे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते नवरदेवाच्या टोपीवरच्या अक्षता वेचत उभे होते. आम्ही टाकत होतो आणि ते काढत होते. तळोज्याच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन. पनवेलमध्ये कॉम्प्युटर बघायला लोक क्लासला जात, त्या काळात यांनी तो घरी आणला, शेजारी स्कॅनर मांडला. कशासाठी, तर जुने फोटो स्वच्छ करायला! त्या खोलीत चपला तर सोडाच, पंखासुद्धा चालत नसे. भर मे महिन्यात घामाने निथळत बसायचं, पण धूळ उडता कामा नये. स्कॅनरची काच पुसताना ते श्वास रोखून धरत आणि आपल्यालाही धरायला लावत. मला एकदा तिथे शिंक आली, तर त्यांनी मला तळ्यापर्यंत फिरून यायला सांगितलं. "सगळ्या संपवूनच या, भावजी."

पडद्यावर ते फोटो एवढा मोठा करत की माणूस नाहीसा होऊन नुसते करडे चौकोन उरत. मग शेजारची स्वच्छ कातडी माउसने उचलायची, डागावर बसवायची, की पुढचा डाग. एकेक फोटो आठवडेच्या आठवडे चाले, कारण काढण्याआधी प्रत्येक ठिपक्याची चौकशी होई. त्यालाही कारण घडलं होतं. उरणच्या एका म्हाताऱ्याचा मिठागरावरचा फोटो त्यांनी इतका लख्ख केला की आभाळात ठिपका म्हणून ठेवला नाही. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बगले कुटं गेले?" मेहुण्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी फोटो पुन्हा स्कॅन केला, एकेक बगळा जपत सगळं काम पहिल्यापासून केलं, आणि तेव्हापासून नियम घालून घेतला, की डाग कसला हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

माझी पंचाईत झाली ती या नियमामुळे.

"हे कपाळावरचं काय? बुरशी की व्रण?"

"बुरशी. काढा तुम्ही."

"तुम्ही काकांना पाहिलं होतं?"

मी जावई होण्याच्या कितीतरी आधी सासरे गेलेले. मी म्हटलं, "मी नाही, पण तुम्हाला तरी आठवत असतील ना?"

त्यांनी माउस सोडला. "मी एवढासा होतो, भावजी. मला त्यांचे गुडघे आठवतात."



शेवटी ते जासईला काकूकडे गेलेच. हनुवटीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, एवढी शपथ मी त्यांना घातली होती. परत आले ते दिवस मावळल्यावर, निराळेच दिसत होते. "काकू बोलतच राहिली," म्हणाले. "कपाळावरचा व्रण आहे, बैलाने मारलं होतं. आणि खिशावरचा डाग पानाचा. दोन्ही ठेवायचे."

बुरशी गेली, ओरखडे गेले. हनुवटी मात्र शेजारून उचलण्यासारखी वस्तू नव्हती. सगळ्या घराण्याचे फोटो धुंडाळून झाले. कुणाला दाढी, कुणाच्या तोंडावर उजेड नको त्या बाजूने. अखेर माझा पासपोर्टचा फोटो निघाला. तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "हनुवटी बेताचीच आहे," ते म्हणाले, "पण उजेड डावीकडून आहे." हनुवटी बसली. पण ती एवढी नवीकोरी दिसायला लागली, की जुन्या फोटोत असतो तसा बारीक दाणा तिच्यावर मुद्दाम पेरावा लागला. "जन्मभर हेच काढत आलो," पेरता पेरता ते पुटपुटले, "तुमच्यामुळे आज घालतोय."

वास्तुशांतीला फोटो लागला. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मेहुणे माझ्या शेजारी खाली बघत जमिनीवरच्या झेंडूच्या पाकळ्या वेचायला लागले. सासूबाईंनी पदराने काच पुसली आणि खिशापाशी बोट ठेवलं.

"पानाचा डाग ठेवलास रं बाला. लय भांडलो होतो आमी याच्यावरनं." आवाज ओला झाला होता. पाकळ्या वेचणारा हात मध्येच थांबला. आपण सुटलो असं मला वाटलं.

मग त्या दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी करून त्यांनी पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"इतकी वर्सं हे माज्याकडं डोलं वटारून बगत होते. आज पयल्यांदाच मला घाबरल्यासारखे दिसतात. हनुवटी तुमची लावली हाय का, जावईबापू?"