नऊ नंबरची सेवापूर्ती

आमच्या जवळा बाजारच्या पट्ट्यात माणूस नोकरीत असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. निवृत्त झाला की मात्र त्याची नवरदेवासारखी वरात निघते. मास्तर असो, कंडक्टर असो, पोस्टमन असो. फेटा, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि पंगत. याला सेवापूर्ती सोहळा म्हणतात. माझा धंदा मंडप आणि भोंग्याचा, त्यामुळे या सोहळ्यांचा माईकही माझ्याच हातात. तर अशा या मुलखात एक स्पॅनिश फुटबॉलपटू निवृत्त झाला म्हणून मी गावात मंडप घातला.

त्या स्पॅनिश माणसाला याचा पत्ता नाही. त्याचं नाव आमच्या गावात कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सदऱ्यावरच्या आकड्यावरून तो नऊ नंबर. माझा धाकटा चुलतभाऊ त्याचा भक्त. हायस्कूलला बदलून आलेल्या एका मास्तरांनी येताना फुटबॉल आणला. मास्तर पुन्हा बदलून गेले, फुटबॉल राहिला आणि तो माझ्या भावाच्या पायाला चिकटला. सोयाबीन निघालेल्या वावरात सामने व्हायचे. भाऊ सगळ्यांच्या पुढे, गोल मारणारा फॉरवर्ड. केस त्या स्पॅनिशसारखे कापलेले. त्यासाठी न्हाव्यापुढे मोबाईल धरून बसावं लागलं होतं. मी भोंग्यावरून ओरडायचो, "आणि चेंडू आला हिंगोली जिल्ह्याच्या नऊ नंबरकडे", आणि चेंडू खरंच यायचा. सुखाचे दिवस होते, लवकर संपले.

तिकडे नऊ नंबर लहान क्लबातून मोठ्या क्लबात गेला, वर्तमानपत्रांत आला, आणि ऐन भरात त्याचा गुडघा गेला. त्याच हंगामात आमच्या नऊ नंबरचा पाय धसकटात अडकून गुडघा फिरला. याहून मोठी बरोबरी भावाला त्याच्याशी कधी साधली नाही. तिकडच्यावर शस्त्रक्रिया झाली. इकडच्याला शेजारच्या गावच्या हाडं बसवणाऱ्या बाबाकडे नेलं. त्यांनी तेल जिरवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि गुडघ्याची वाटी जागेवर बसली असं सांगितलं. पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढून मान हलवली. ऑपरेशनचं नाव निघताच काकूने भावाला घरी आणलं. "पायाला सुरी लागू द्यायची न्हाई," ती म्हणाली. पाय शाबूत राहिला, फक्त पळेनासा झाला.

तेव्हापासून दर दिवाळीनंतरच्या स्पर्धेला भाऊ बुटांची पिशवी घेऊन यायचा आणि रेषेबाहेर बसायचा.

"औंदा न्हाई दादा," तो म्हणायचा. "तिकडं तो बी बाकावरच बसून राहिला. तो उतरला की म्या उतरतो. पुढच्या वर्साला."

पण तिकडचा उतरला तो खाली खाली. मोठ्या क्लबाने तो दुसऱ्या क्लबाला वापरायला दिला, आपण शेजाऱ्याला नांगर देतो तसा. दुसऱ्याने परत केला. मग कोणाला ठाऊक नसलेले क्लब, शेवटची दहा मिनिटं, मधूनच एखादा गोल. त्या गोलाचे पेढे भाऊ माझ्या दुकानात आणायचा. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे विचारायचे, पोरगं काय करतं, तर काकू म्हणायची, "सध्या गुडघा दुखून राहिला." पाहुणे चहा पिऊन जायचे. एकदा काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, त्या परदेशातल्या लेकराला फोन लागतो का? बस कर म्हणावं आता. म्हंजी हे बी सुटंल."

फोन लावायची गरज पडली नाही. एका दुपारी भाऊ दुकानात आला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. नऊ नंबरचा शेवटचा सामना: दोन्ही संघ दोन रांगांत उभे, टाळ्या वाजवताहेत, मधून तो चाललाय, कडेवर पोरगी, डोळे पुसतोय.

"तू काहून रडून राहिला?" मी विचारलं. "त्याचं बराबर झालं की. मानानं गेला."

"त्याला आधी क्लबात घेतलं व्हतं दादा, म्हणून सोडता आलं. मला कोणी घेतलंच न्हाई. म्या कसं सोडू?" मग नाक ओढून म्हणाला, "माझी बी सेवापूर्ती करा."

मला काय, मंडप घरचाच. मी हौसेने घातला. काकूने बुंदी पाडली. जेवण आहे म्हटल्यावर गाव आलं. मागच्या रांगेतले एकमेकांना विचारत होते, कोणत्या खात्यातून रिटायर झाला. सरपंचांचं भाषण पाठ होतं, त्यांनी ते तसंच म्हटलं: प्रदीर्घ सेवेनंतर आता त्यांनी नातवंडांत रमावं, हरिनाम घ्यावं. लग्न न झालेला भाऊ फेट्याखाली मान डोलवत होता. शाल झाली, नारळ झाला, घड्याळ झालं. शेवटी मनोगताला तो उठला. माईक धरून इकडेतिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "फुटबॉल कोणी आणला न्हाई का?"

कोणी आणला नव्हता. मलाही सुचलं नव्हतं.

"बरं. समदे जेवून जा," म्हणाला आणि बसला.

काकूला वाटलं, सुटलं. दिवाळीनंतर स्पर्धेच्या मैदानावर मी भोंगा लावत होतो, तर हा पिशवी घेऊन हजर.

"दादा, चार दिवस झाले गुडघा दुखला न्हाई. शेवटची पाच मिनिटं उतरू दे. एकदाच."

मी बोलायच्या आत आयोजक धावत आले. "आवो, तुमी रिटायर मानूस. तुमचा मान स्टेजवर." दोघांनी दंड धरले. कोणी दांडगाई केली नाही. आमच्याकडे सत्कार झालेल्या माणसाला उन्हात उभं ठेवत नाहीत. भावाने माझ्याकडे बघितलं. माईक माझ्या हातात होता, मैदान थांबलं होतं, आणि सवयीने तोंडातून निघालं, "आपले माजी फॉरवर्ड स्थानापन्न होत आहेत." टाळ्या पडल्या. आमच्या जिल्ह्यात माजी सरपंच, माजी सभापती, सगळ्या माजींना खुर्ची असते. त्यालाही मिळाली, माझ्याच मंडपातली, लाल प्लॅस्टिकची. पिशवी खुर्चीखाली गेली.

सामन्यात एकदा चेंडू उसळून स्टेजवर आला. भावाचा पाय आपोआप पुढे झाला. पण शेजारच्या प्रमुख पाहुण्यांनी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला आणि पोरांकडे फेकला.

बक्षिसं वाटून झाली, लोक पांगले, आम्ही मंडप सोडायला लागलो. तो अजून तिथेच बसलेला.

"उठ रे," मी म्हटलं, "खुर्च्या टेम्पोत टाकायच्यात."

"एवढी एक इथंच राहू दे दादा," तो म्हणाला. "पुढच्या वर्साला लागंलच."