मनांग सेबेरियानाने बदललेलं वाक्य

कॅलिफोर्नियात, स्टॉकटनच्या त्या थिएटरात आठवडाभर मेक्सिकन आणि जपानी सिनेमे चालायचे. रविवारची दुपार मात्र आम्हा फिलिपिनोंची. शतावरी तोडून वाकलेल्या पाठी ताठ करत, कोट चढवून, केसांना पोमेड चोपडून सगळे हजर. पण सिनेमे तागालोग भाषेतले आणि प्रेक्षक बहुतेक इलोकानो बोलणारे. त्यांना धड काही कळायचं नाही.

त्यांच्यासाठी सेबेरियाना होती. नवऱ्यामागे लॉन्ड्री चालवणारी. माहेर मनिलाकडचं, सासर इलोकानो, त्यामुळे दोन्ही भाषा जिभेवर. पडद्यावरचं वाक्य न् वाक्य ती मोठ्यानं इलोकानोत सांगायची. तिच्याहून मोठे बाप्येसुद्धा तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणायचे; ती त्यांना मनोंग, म्हणजे दादा.

“मनांग, पोरगी काय म्हणाली?”

“म्हणाली, आधी पाय धुऊन ये, मग लग्नाचं बोल.”

“खरंच?”

“मग काय पदरचं सांगतेय? गप बस!”

एका रविवारच्या सिनेमात मुलगा परदेशी निघून जातो आणि आई अंथरुणाला खिळते. माझ्या शेजारी क्रिस्पुलो होता, शेतमजुरांच्या छावणीतला माझा खोलीसोबती. तरुणपणी आईशी भांडून, न सांगताच जहाजावर चढलेला. आई गेल्याचं त्याला वर्षभरानं कळलं.

पडद्यावरची आई शेजारणीला म्हणाली, “तो आलाच, तर माझ्या थडग्यावर त्याची सावली पडू देऊ नका.”

सेबेरियाना थांबली.

“मनांग, काय म्हणतेय?” मागून कोणी विचारलं.

“म्हणतेय... पोर आलं की गरम भात वाढा. दमून आलं असेल.”

आम्ही तागालोग समजणारे चूप बसलो. क्रिस्पुलोनं हॅट तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर कुणीतरी बोलून गेलंच, “मनांग, आज साफ चुकलीस की!” क्रिस्पुलोनं ते ऐकलं. तो तिच्यासमोर उभा राहिला. “खरं काय म्हणाली ती?”

तिनं शब्दशः सांगितलं. तो हॅट चढवून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मग सेबेरियानाच पिनाकबेटचा, आमच्या भाज्यांच्या कालवणाचा, डबा घेऊन छावणीत आली.

“मनोंग, तुला रडवायचं नव्हतं मला.”

“रडलो त्याचं काही नाही गं. पण तिचा राग तू परस्पर गिळलास. उद्या माझ्या आईचं कुणी सांगितलं, तर तेही असंच गोड करून सांगतायत का, हे मला कसं कळणार?”

तिनं डबा त्याच्यापुढे ठेवला. “नाही करणार पुन्हा.”

“मग बस. जेव माझ्याबरोबर.”

तिनं शब्द पाळला. कडवट वाक्य आलं की तिचा आवाज खाली जायचा, पण ती ते सांगायची.

पुढे नव्या रस्त्यासाठी ते थिएटर पाडलं. त्यानंतर वर्षाच्या आतच सेबेरियाना गेली. तिच्या शवपेटीची पुढची कडी क्रिस्पुलोनं धरली. दफनभूमीची चढण होती, तो धापा टाकत होता. “मनोंग, दे इकडे,” मी म्हणालो. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि चालत राहिला.