वहिनींचे मत आणि लोखंडी कपाट

माझ्या वहिनी कवळ्या तयार करतात. दंतवैद्याने पाठवलेल्या साच्यात प्लास्टर ओतायचे, मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रात अडकवून त्यांची उघडझाप करून पाहायची, आणि मध्ये निळा कागद धरून कोणता दात जास्त टेकतो ते शोधायचे, हे त्यांचे काम. त्यांची लॅब म्हणजे चपलांच्या दुकानामागची एक लांबट खोली. तिथे भिंतीला लागून मांडलेल्या फळीवर दिवसभर अनोळखी माणसांची हास्ये सुकत असतात. संध्याकाळी वहिनी घरी येतात, नखांतले प्लास्टर घासून काढतात, चहा घेतात आणि टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळतात.

हे शेवटचे वाक्य ऐकून लोक हसतात. म्हणून मी ते नेहमी आधीच्या वाक्यांच्याच स्वरात सांगतो.

गोळीबाराचे किंवा गाड्या पळवण्याचे गेम त्या खेळत नाहीत. त्यांना आवडतात ते इंडी गेम, म्हणजे बड्या कंपनीच्या पाठबळाशिवाय एकट्यादुकट्याने घरात बसून केलेले. "मोठ्या गेममध्ये माणूस सापडत नाही हो भाऊजी," त्या मला एकदा म्हणाल्या. "ह्यांच्यात करणारा दिसतो. कुठं रमला, कुठं दमला, कुठं मित्राशी भांडून उठला, सगळं दिसतं."

मी गावात वाढलो. खेळ ही अंगणातली गोष्ट असते, आणि आईची हाक आली की ती संपते, एवढीच माझी समजूत होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने चष्मा नाकावर सरकवून कंट्रोलर हातात धरावा, हे मला सुरुवातीला चमत्कारिक वाटले. पुढे रविवारच्या दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन शेजारी बसू लागलो, आणि एखाद्या गोष्टीकडे इतके नीट पाहणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत, हे माझ्या लक्षात आले.

या सगळ्याची सुरुवात साधी होती. पुतणी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिचे गेमचे यंत्र घरीच राहिले. त्यावरची धूळ पुसता पुसता ते चालू झाले, असे वहिनी सांगतात.

"धूळ पुसायला बसली ती अजून उठलेली नाही," असे दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सांगतो.

पुढे एका संकेतस्थळावर वहिनी खेळलेल्या गेमबद्दल लिहू लागल्या. तिथे त्यांचे नाव 'कवळी' आहे. वाचणाऱ्यांना बरेच दिवस हा कुणी चेष्टेखोर कॉलेजकुमार वाटत होता. खरे कळल्यावर वाचणारे वाढले, कारण कवळी सांगते ते खरे असते, असा बोलबाला तोवर झालेला होता.

बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या भिंतीवरून चढणाऱ्या गोगलगाईच्या एका गेमवर त्यांनी लिहिले होते, "हिला घाई नाही, आणि घाई नाही याची लाजही नाही. पडले की पुन्हा तळापासून चढावं लागतं, पण पडताना भिंतीवर काहीतरी नवं दिसतं. हा गेम करणाऱ्याला मी उद्या लॅबमध्ये घेईन." आजारी आजोबांवरच्या एका गेमचे सगळीकडे गोडवे गायले जात होते. त्यावर त्यांचे मत एवढेच होते : "रडू येतं म्हणतात. येणारच. पहिल्या मिनिटापासून नाकासमोर कांदा चिरून ठेवलाय." टेम्पोत घरसामान रचण्याचा एक गेम त्यांनी मनापासून वाखाणला आणि शेवटी बजावले, "पण शेवटचा भाग उरकलाय. पॉलिश न करता कवळी पाठवली की जिभेला बरोबर कळतं." पत्त्यांच्या एका अवघड गेममध्ये त्या आठवडाभर हरत होत्या. त्याच्याबद्दल लिहिले, "हरले, पण कुठं चुकले ते दर वेळी दिसलं. एवढं तरी कोण कुणाला देतं?"

दीपगृहाचा दिवा सांभाळण्याच्या एका गेमविषयी मात्र त्यांनी लिहिले की पहिल्यांदा दिवा लावताना अंगावर काटा आला, नंतर नंतर रजेचा अर्ज टाकावासा वाटला. तो गेम करणारा भडकला. तुम्हाला गेममधले काही कळत नाही, असे त्याने सुनावले.

"नसेल कळत," वहिनींनी उत्तर दिले. "मला कंटाळा कळतो."

त्यांची खेळण्याची रीत ठरलेली आहे. करणाऱ्याशी आधी एक शब्द बोलायचा नाही. सूचना वाचायच्या नाहीत, मेनू उघडायचा नाही. "कवळी बसली की नाही ते तोंड सांगतं, डॉक्टरची चिठ्ठी नाही," असे त्या म्हणतात. आणि गेम सुरू झाला की पहिल्यांदा काहीच करायचे नाही. कंट्रोलर मांडीवर, हात बाजूला. पडद्यावरचा माणूस खोळंबून उभा राहतो आणि वहिनी त्याच्याकडे बघत बसतात.

"कुणाच्या घरी गेल्या गेल्या आपण त्यांचा फ्रीज उघडतो का? बसू दे जरा. आपण काहीच केलं नाही तर हा कसा वागतो, त्यावरून त्याचं घराणं कळतं."

आणखी एक नियम घरातल्यांसाठी आहे : वहिनींच्या कंट्रोलरला कुणी हात लावायचा नाही. दादाने एकदा तो पुसायला म्हणून उचलला होता, तेव्हाचे बोलणे त्याला अजून पाठ आहे.

अशा बाईच्या मुलीने गेम केला.

पुतणी एका कंपनीत चांगल्या पदावर होती. ते सोडून तिने एका मैत्रिणीबरोबर हा उद्योग मांडला, आणि त्यात दोघींची उमेदीची वर्षे गेली. गेम बाहेर यायला थोडेच दिवस उरले असताना तिचा फोन आला. मी तेव्हा तिथेच बसलो होतो.

"आई, तू लिहिशील ना?"

"तुझ्यावर? लोक म्हणतील, घरचाच मामला आहे."

"म्हणू देत. पण आई म्हणून नको लिहूस. कवळी म्हणून लिही. हा चालला नाही तर आम्हाला पुढचा करता येणार नाही, मी परत नोकरी शोधेन. तरीसुद्धा खरं तेच लिही."

"खोटं मला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ पदराच्या टोकाने चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

दोन दिवसांनी खोके आले. त्यात गेम होता आणि दोन नवे कोरे कंट्रोलर.

"दोन कशाला?" दादाने विचारले.

"माझा जुना झिजलाय, ते तिला माहीत आहे. एक सुटा पाठवलाय, असू दे." वहिनींनी एक घेतला आणि दुसरा टीव्हीखालच्या खणात टाकला.

गेम होता जिन्याचा. एक बाई आणि एक माणूस लोखंडी कपाट घेऊन एका उंच इमारतीचा जिना चढत आहेत. बाई वरच्या बाजूला, माणूस खालच्या. डाव्या अंगठ्याने बाई हलवायची, उजव्याने माणूस. पाहताक्षणी दादा हसायला लागला, कारण हे कपाट आमच्या घरातले होते. लग्नानंतर काही महिन्यांनी दादा-वहिनींनी हे घर घेतले, तेव्हा हमालांनी कपाट खाली टेकवून हात वर केले, आणि या दोघांनी ते सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत चढवले. पुतणी ही कथा ऐकतच मोठी झाली होती.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी रीतीप्रमाणे हात बाजूला घेतले. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ टिकटिकत होते. कपाट हळूहळू घसरू लागले, माणूस कोलमडला, बाई त्याच्यावर, आणि सगळा लवाजमा धाडधाड तळाशी गेला.

तो गेम त्यांनी शेवटपर्यंत खेळला. मग लिहिले. पहिली ओळ अशी होती : "हा गेम माझ्या मुलीने केला आहे; ज्यांना त्यामुळे शंका येईल त्यांनी पुढे वाचू नये." त्यानंतर पुष्कळ कौतुक होते. कपाटाचे वजन खरे आहे, वळणावर कोपरा अडकतो तेव्हा स्वतःची ढोपरे दुखतात, दारांमागून येणारे आवाज इतके नेमके आहेत की बेल वाजवावीशी वाटते. आणि शेवटी : "पण या गेमला दम खाता येत नाही. दोन माणसं एवढं ओझं घेऊन चढतायत आणि त्यांना एकमेकांकडे बघायलाही फुरसत नाही. ज्यांनी कधी कपाट चढवलं आहे त्यांना ठाऊक आहे की खरी गंमत टप्प्यावर असते, कपाट टेकवून बसल्यावर. ते घड्याळ भीतीपोटी लावलंय. करणारीचा स्वतःच्या जिन्यावर विश्वास नाही."

खाली लोकांनी लिहिले, कवळी असे म्हणते तर हा गेम घ्यायचे आपण थांबू.

पुतणी दर रविवारी सकाळी फोन करते. त्या रविवारी तिने केला नाही. दुपारी मी गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत होत्या.

"तुम्हाला तरी पटलं का भाऊजी?" त्यांनी आतूनच विचारले.

"लिहिलंत ते खोटं वाटलं नाही," मी म्हणालो. "कडक वाटलं."

"गोगलगाईला माफ करतेस," दादा म्हणाला, "आणि पोरीला धारेवर धरतेस. भेद नको म्हणून उलटा भेद."

आतला भांड्यांचा आवाज आणखी वाढला. मग दादा हळूच मला म्हणाला, "पोरीने काय केलंय ते मी एकदा हातात घेऊन बघतो रे. तुझ्या वहिनीच्या कंट्रोलरला नाही लावत हात, उगाच महाभारत नको." त्याने गेम लावला, खणातून दुसरा कंट्रोलर काढला, उलटा धरला, सुलटा केला आणि हाताला लागले ते बटण दाबले.

पडद्यावरचा खालचा माणूस मान वर करून हसला. कोपऱ्यातले घड्याळ नाहीसे झाले.

"अगं ए, इकडे ये!" दादा ओरडला. "मी काहीतरी बिघडवलंय!"

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आल्या. पडद्याकडे पाहिले, दादाच्या हाताकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. हात पुसून त्यांनी आपला कंट्रोलर घेतला आणि दादाशेजारी बसल्या.

"मी वरून ओढते. तुम्ही रेटा. माझ्याआधी रेटायचं नाही."

"मी कधी रेटलं तुझ्याआधी?"

"तेव्हाही रेटलं होतंत. भिंतीचा पोपडा अजून तसाच आहे."

"तो हमालांनी पाडला."

"हमाल खालूनच गेले होते अहो! डावीकडे. डावीकडे! तुमचं डावं कधी डावीकडे असतं का?"

पहिल्या वळणावर कपाट अडकले, दुसऱ्यावर दादाचा माणूस चेंगरला. मला वाटते, दोघांचे एकमेकांशी इतके बोलणे त्या महिन्यात झाले नसेल. मग एका टप्प्यावर दादा म्हणाला, "थांब, बोट आखडलं," आणि त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. वहिनींनीही ठेवला.

कपाट घसरले नाही. पडद्यावरच्या दोघांनी ते अलगद टेकवले आणि कपाटाला पाठ लावून शेजारी शेजारी बसले. बाईने कपाळ पुसले. माणूस काहीतरी म्हणाला. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता सूर. बाई आधी रागावली, मग हसू लागली. एका दारामागे कुणीतरी भांडी घासत होते. ती दोघे उठायचे नावच घेत नव्हती. इकडे दादा-वहिनीही नुसते बघत बसले.

"लग्नानंतर पहिल्यांदा भांडलो ते त्या जिन्यात," वहिनी मला म्हणाल्या, "आणि पहिल्यांदा दोघंच असे बसलोही तिथंच. तिला ते कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," दादा म्हणाला. "तू फक्त भांडणाचं सांगायचीस."

वहिनींनी फोन लावला.

"सापडलं का आई?" पुतणीने पहिलाच प्रश्न केला.

"तुला सांगता आलं नाही?"

"करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हे कुणी शिकवलं? बरं, दोन कंट्रोलर पाठवले होते. दोघांनी मिळून खेळता येतो, असं मेनूत ठळक लिहिलंय."

"मी मेनू बघत नाही."

"माहीत आहे. मला वाटलं, दुसरा तू बाबांच्या हातात देशील."

"नाही दिला. खणात टाकला," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम कवळीचा झाला. "पण एक सांग. ज्यांच्याकडे बसायला दुसरं कुणी नाही, त्यांनी काय करायचं? घड्याळापुढे पळत सुटायचं? विसावा काय फक्त जोडप्यांना?"

पुतणी हळू आवाजात म्हणाली, "एकट्याने सोपं जायचं, म्हणून घड्याळ लावलं होतं. असा विचार नाही केला."

"मग कर. आणि मी हे लिहिणार आहे."

"लिही. घड्याळ काढायला वेळ लागेल, थोडं पुढे ढकलावं लागेल." आणि मग, "पहिलं वाचून मी रडले होते, आई."

"मीही लिहिताना काही नाचत नव्हते," वहिनी म्हणाल्या.

पहिले मत त्यांनी पुसले नाही. त्याखाली लिहिले, "वरचं मत मी अर्धा गेम खेळून दिलं. उरलेला अर्धा खणात होता. हा मी खेळलेल्या सर्वांत सुंदर गेमपैकी एक आहे, आणि हे कवळी म्हणते आहे. एकट्याच्या घड्याळाबद्दलची तक्रार कायम." कुणीतरी टोमणा मारला, मुलगी म्हटल्यावर कवळी सैल झाली. वहिनींनी उत्तर दिले, "सैल नव्हती. उलटी घातली होती."

गेम ठरल्यापेक्षा उशिरा बाहेर आला. आता एकट्यानेही हात सोडले की दोघे कपाट टेकवून बसतात. तो किती चालला ते मला सांगता येणार नाही. पुतणीने नोकरी शोधलेली नाही, एवढे माहीत आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा दादाने तो वहिनींच्या हातातून काढून घेतला.

"बाकी ठीक आहे गं. पण त्या खालच्या माणसाची पाठ आणखी वाकव. सगळा भार त्याच्यावर होता."

"काही वाकवू नकोस!" वहिनी मागून ओरडल्या. "वरून ओढत कोण होतं?"

"मग दाखव ओढून," दादा म्हणाला, आणि त्याने खणातून आपला कंट्रोलर काढला.